‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ : धावत्या कादंबरीची दमछाक

(पडद्यावर: स्कॉटलंडमधलं गॅलोवेचं माळरान)

मे १९१४. लंडनच्या एका फ्लॅटमध्ये स्कडर नावाचा अमेरिकन मरून पडलाय. छातीतून गेलेला सुरा थेट जमिनीत रुतलाय. फ्लॅट आहे रिचर्ड हॅनेचा. खुनाचा आळ आपल्यावरच येणार हे त्याला कळून चुकलंय आणि बाहेर जर्मन हेर टपलेत. तो दूधवाल्याचे कपडे चढवतो, सटकतो आणि स्कॉटलंडची गाडी पकडतो.

जॉन बकनची ही कादंबरी १९१५ सालची. प्रकरणं जेमतेम दहा. तिचं बळ या पळापळीत आहे. मागे पोलीस, मागे हेर, डोक्यावर घिरट्या घालणारं विमान आणि खाली उघडा माळ. मग हॅने रस्तादुरुस्ती करणाऱ्या मजुराची जागा घेतो. डोळे तांबारलेले दिसावेत म्हणून त्यांत धूळ चोळतो, दगडांवर लाथा मारमारून बुटांची रया घालवतो. तरी मोटारीतून आलेल्यांपैकी एकाची नजर नेमकी बुटांवरच! हे काही खेड्यातल्या मोच्याचं काम नव्हे, म्हणतो. हॅने सांगतो, गेल्या वर्षी शिकारीला आलेल्या साहेबानं दिले. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो अशा जागी.

पण योगायोग किती खपवून घ्यायचे? रस्त्यात गाठ पडलेल्या अनोळखी माणसाचा धर्मपिता निघतो परराष्ट्र खात्यातला बडा अधिकारी. एवढ्या माळावर आसऱ्याला गाठलेलं घर निघतं शत्रूचं. बरं, त्याला कोंडतात कुठे, तर स्फोटकं ठेवलेल्या खोलीत. आणि हॅने पेशानं खाण इंजिनिअर!

बायका या गोष्टीत जवळपास नाहीतच. सुरुवातीला स्कडर ज्यूंविरुद्ध गरळ ओकतो. पुढे एक पात्र तो त्याचा पूर्वग्रह होता म्हणून सोडून देतं, तरी आज ती पानं वाचवत नाहीत.

(पडद्यावर: इंग्लंडमधला केंटचा किनारा)

माझ्या मते कादंबरीतला सर्वांत सरस प्रसंग पळापळ थांबल्यावरचा आहे. समुद्रकाठचा बंगला. हेर इथंच आहेत, या संशयानं हॅने तिथे शिरतो. टेनिस, जेवण, मग ब्रिजचा डाव. ती माणसं इतकी साधी, की आपण भलत्यांच्याच घरात घुसलो की काय, असं हॅनेला वाटायला लागतं. तोही पत्ते हातात घेऊन बसतो. आणि एकाची बोटं गुडघ्यावर टकटकू लागतात. स्कॉटलंडमधल्या शत्रूच्या त्या घरातल्या म्हाताऱ्याची हीच लकब होती!

डाव एवढा रंगलेला, तर बकनला पुन्हा घाई. झटापट, अटक आणि तीन आठवड्यांनी महायुद्ध, सगळं एका दमात उरकलंय.