नाशिक म्हणजे फक्त मंदिरं आणि वाईन नाही भाऊ, हे पैशाचं गाव आहे!

नमस्कार मंडळी! आज नाशिकवर बोलायचंय आणि आधीच सांगून टाकतो, आज आपण वायनरीत जाणार नाहीये. वाईनवर ढीगभर व्हिडिओ आहेत, मिसळीचं तर विचारूच नका, दर वीकेंडला कोणीतरी कॅमेरा उभा करून "तर्री बघा तर्री, वरून पापड बघा" करत बसलेलं असतं. मिसळ भारीच आहे, या आणि खा, पण मला आज वेगळंच काहीतरी दाखवायचंय. माझं म्हणणं असंय की हे शहर समजून घ्यायचं असेल ना, तर इथे पैसा कसा आला, कोणी ठेवला, कोणी छापला, कुठे खर्च झाला, एवढं बघत जायचं. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

[पांडवलेणीच्या पायऱ्या, मागे हायवेचा आवाज]

तर सुरुवात पांडवलेणीपासून. पाथर्डी फाट्याजवळ, मुंबई-आग्रा हायवेला लागूनच त्रिरश्मी डोंगर आहे, सकाळी अर्धं सिडको इथे फिरायला येतं, पोरं रील काढतात, आणि ज्या भिंतीला टेकून रील काढतात त्या भिंतीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. आता ब्राह्मी आपल्यालाही येत नाही म्हणा, पण अभ्यासकांनी शंभरेक वर्षांपूर्वीच वाचून ठेवलंय ना सगळं! तर दहा नंबरच्या लेण्यात या. हे लेणं कोरून घेतलं उषवदाताने, हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, साधारण 1900 वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि या भिंतीवर चक्क एका फिक्स्ड डिपॉझिटची पावती कोरलेली आहे.

खरंच सांगतोय. उषवदाताने 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. कोणाकडे ठेवली? राजाच्या खजिन्यात नाही, देवळात पण नाही, गोवर्धनच्या विणकरांकडे! विणकरांच्या श्रेणी असायच्या, म्हणजे धंदेवाल्यांचे संघ. एका श्रेणीकडे 2000 ठेवले महिना एक टक्का व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 ठेवले महिना पाऊण टक्क्याने. दोन ठिकाणी दोन रेट, बघा. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि 2000 चं व्याज वापरायचं कशाला तर लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या 20 भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. आता जरा हिशेब करा, 2000 वर महिन्याला 20, वर्षाचे 240, भागिले 20 माणसं, बरोब्बर 12. पै न् पैचा हिशेब जुळतो राव! आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत जाहीर करून, फळ्यावर नोंद करून ठेवलं असंही तिथेच लिहिलंय. वर सोन्याच्या नाण्याचा भाव पण दिलाय, एका सुवर्णाला 35 कार्षापण.

मला या सगळ्यात सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये? राजाच्या जावयाने कापड विणणाऱ्या माणसांच्या शब्दावर कायमचा पैसा ठेवला. म्हणजे राजे येतील जातील पण हे विणकर व्याज देत राहतील, एवढी पत होती त्यांची. गोवर्धन नावाचं गाव आजही आहे, गंगापूरच्या बाजूला, नाशिकवाले तिथून धरणावर जातात आणि कोणाच्या गावीही नसतं.

बरं पुढे काय झालं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने या नहपानाला हरवलं. तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिथे मुलाचं वर्णन आहे की याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय, याने क्षहरातांचं, म्हणजे नहपानाचं घराणं शिल्लकच ठेवलं नाही. आईच ती, कौतुक करणारच, पण ती नुसत्या फुशारक्या मारत नव्हती याचा पुरावा सापडला 1906 मध्ये, जोगलटेंभीला. गोदावरी आणि दारणेच्या संगमावरचं गाव आहे हे, तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, 13 हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे मारलेले! नाणी वितळवत बसला नाही, शत्रूच्या चेहऱ्यावरच आपला छाप ठोकला आणि चालू द्या म्हणाला. कोण जिंकलं हे बाजारातल्या माणसाच्या हातात नाणं आल्या आल्या कळत असणार.

मधला काळ मी पटकन सांगतो. मुघलांच्या काळात हे गुलशनाबाद झालं, त्या नावाने रुपये पाडले गेले, पेशवाईत चांदवडला टांकसाळ होती. याच पेशवाईत गंगेवरची, म्हणजे गोदावरीवरची (नाशिककर तिला गंगाच म्हणतात), बरीचशी देवळं उभी राहिली. नारोशंकराचं मंदिर 1747 चं, त्याच्यावरची घंटा बघितलीच असेल, चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई जिंकली तेव्हाची पोर्तुगीजांची घंटा आहे ती.

[नाशिकरोड, प्रेसची भिंत बाहेरूनच. आत शूटिंगला बंदी आहे, उगाच कमेंट करू नका]

आता येऊ नाशिकरोडला. 1925 ला इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आली, त्याच्या आधी आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून यायची, ती 1926 पासून इथे छापायला लागले. आणि 1928 मध्ये शेजारीच करन्सी नोट प्रेस, पहिली छापली पाच रुपयांची नोट, पंचम जॉर्जची. फाळणी झाल्यावर पाकिस्तानकडे नोटा छापायची सोयच नव्हती, तर 1948 मध्ये त्यांच्या पहिल्या नोटा म्हणजे आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचा शिक्का मारलेल्या, आणि त्या पण नाशिकमध्येच छापलेल्या. म्हणजे पुन्हा तेच, नोट एकाची आणि ठसा दुसऱ्याचा, जोगलटेंभी आठवली की नाही?

आज देशात नोटा छापणाऱ्या चार प्रेस आहेत, नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. तुमचा पासपोर्ट पण इथलाच. नोटबंदी आठवतेय ना, नोव्हेंबर 2016, अख्खा देश एटीएमच्या लाईनीत आणि नवीन पाचशेच्या नोटा छापायचं काम नाशिक आणि देवासवर, प्रेसवाल्यांनी तेव्हा रविवारची सुट्टी पण घेतली नाही. नाशिकरोडला "आमचे वडील प्रेसमध्ये होते" असं सांगणारी घरं गल्लोगल्ली भेटतील. जेलरोड, नेहरूनगर हा सगळा भाग प्रेसच्या पगारावर वाढलेला आहे, त्या पगारातून पोरं इंजिनियर झाली, मग त्यातली काही ओझरला एचएएलमध्ये विमानं बनवायला लागली, मिगपासून सुखोईपर्यंत, काही सातपूर अंबडच्या कंपन्यांमध्ये.

पण खरं सांगू का, नाशिकच्या बाजारात नोट फिरते ती कांदा आणि द्राक्षावर. लासलगावला जाऊन लिलाव बघाच एकदा, ट्रॅक्टर ट्रॉल्या आणि पिकअपच्या लाईनी लागलेल्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतोय, क्विंटलचा भाव पुकारला जातोय आणि काही सेकंदात एका माणसाच्या चार महिन्यांच्या मेहनतीची किंमत ठरते. ती मान्य नसली तरी तो माल परत कांदा साठवायच्या चाळीत नेणार कसा? डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली ती मे 2024 पर्यंत होती, तेव्हाचे शेतकऱ्यांचे चेहरे बघितलेत मी, त्याच्यावर मजा करत बोलता येत नाही. भाव चांगला मिळाला तर शहरातल्या सराफापासून बाईकच्या शोरूमपर्यंत गर्दी, पडला तर सगळे माश्या मारत बसलेले. म्हणून वाईन कॅपिटल हे नाव मला जरा जास्तच चकाचक वाटतं, कारण इथली बहुतेक द्राक्षं खायचीच असतात. दिंडोरीतल्या मोहाडीला शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढलीये, सह्याद्री, ती द्राक्षं परदेशात पाठवते. गोवर्धनचे विणकर गट करून पत कमवत होते, हे पण तेच करतायत.

[पंचवटी, काळाराम मंदिराचा पूर्व दरवाजा]

इथे जरा थांबूया. सगळं गोडगोड सांगितलं तर ते खोटं होईल. या गावाने कोणाचाही पैसा नाकारला नाही, पण माणसं नाकारली. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड नाशिकचेच, त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षं लढवला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले, दार उघडलं नाही. आणि मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर करून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. येवला म्हटलं की आपण लगेच पैठणीची चौकशी करतो, तिथल्या मागावरची पैठणी आहेच सुंदर, पण जाल तेव्हा ही घोषणा झाली त्या मुक्तिभूमीवर पण जा.

आता पैसा खर्च कुठे झाला? एक म्हणजे पुस्तकांवर. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, 1840 चं आहे, तेव्हा देशात प्रवासी रेल्वे पण धावली नव्हती. कुसुमाग्रज इथलेच, त्यांचा वाढदिवस 27 फेब्रुवारी आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून करतो, आणि वसंत कानेटकरांनी पण नाटकं इथेच बसून लिहिली. मे महिन्यात गंगेवर वसंत व्याख्यानमाला असते, उकाड्यात, फुकटात, आणि लोक खरंच येऊन बसतात! दुसरे आपले दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकचा, 1870 चा. विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले या माणसाने, 1913 ला पहिला सिनेमा आणला आणि मग कंपनीच उचलून नाशिकला आले. आजच्या भाषेत स्टार्टअपच की!

आणि तिसरं, रंग. नाशिककर धुळवडीला फार मनावर घेत नाहीत, आम्ही पाच दिवस थांबतो, रंगपंचमीला. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे रस्त्याखाली दगडी बांधणीचे मोठे हौद, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले, वरून गाड्या जातात, नवीन माणसाला पत्ताच लागत नाही. रंगपंचमीच्या आधी उघडायच्या, पूजा करायची, रंग उकळून आत ओतायचा, प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. मग दुपारी त्यात धप्पा! तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा, कुठेही उभे राहा, रंग आठवडाभर जात नाही, ऑफिसला तसंच जावं लागतं आणि बॉस नाशिकचा असेल तर तो पण तसाच आलेला असतो. बाहेर नाशिक ढोल वाजत असतो तो वेगळाच.

तर यायचं असेल तर बुधवारी या, गंगेवर आठवडे बाजार असतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी. पावसाळ्यात आधी विचारून घ्या, मारुतीला पाणी लागलं की बाजार उठतो आणि पाणी चढत गेलं तर सराफ बाजारात पण शिरतं. सकाळी ऊन चढायच्या आत पांडवलेणी, टोपी आणि पाणी घ्या, पायऱ्या दमवतात. दुपारी त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं म्युझियम आहे, तिथे जुनी नाणी बघा, जायच्या आधी उघडं आहे का ते फोन करून विचारा. आणि 2027 ला सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्या वर्षी पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसांत यायचा विचार असेल तर राहायची सोय आत्तापासूनच बघून ठेवा, ऐनवेळी नाशकातल्या मामा-मावशीला फोन केलात तर त्यांच्याकडे आधीच वीस माणसं झोपलेली असतील.