हान्डॉर्फची मंडळी आणि तिच्या वह्या

दक्षिण ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेड शहराच्या आग्नेयेला डोंगरात वसलेले हे हान्डॉर्फ. आपले मूळ शोधत इथवर पोहोचणाऱ्या वंशजाजवळ बहुधा एक आडनाव असते आणि ‘आपले पूर्वज प्रशियाहून आले’ ही घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट. आडनावाचाही भरवसा धरता येत नाही, कारण मधल्या काळात कित्येक श्मिटांचे स्मिथ आणि म्युलरांचे मिलर झाले आहेत. अशा वेळी एकट्या पूर्वजाच्या मागे लागून फारसे काही हाती येत नाही. ही माणसे एकेकटी आली नव्हती. चर्चची मंडळीच्या मंडळी, म्हणजे एकेका चर्चचे सगळे सभासद, इथे येऊन वसली होती, म्हणून माग काढायचा तोही मंडळीचाच.

प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने 1817 मध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन प्रॉटेस्टंट पंथ एकत्र केले आणि पुढे उपासनेची नवी पद्धत सक्तीने लादली. ती नाकारणाऱ्या पाळकांना पदे गमवावी लागली, काहींना तुरुंगात जावे लागले. प्रशियातील क्लेम्झिग गावचे पाळक आउगुस्ट काव्हेल 1836 मध्ये लंडनला गेले आणि तिथे दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत उभारण्यात पुढे असलेले व्यापारी जॉर्ज फाइफ अँगस यांच्याशी त्यांची गाठ पडली. नव्या वसाहतीला कष्टाळू शेतकरी हवे होते आणि या शेतकऱ्यांना निर्वेध उपासना हवी होती. अँगस यांनी प्रवासासाठी कर्जाऊ पैसा उभा केला. धर्मनिष्ठेची ही कथा सांगताना तो कर्जाचा भाग बरेचदा गाळला जातो.

नोव्हेंबर 1838 मध्ये ‘प्रिन्स जॉर्ज’ जहाजातून आलेल्यांनी टॉरेन्स नदीकाठी वस्ती केली आणि तिला आपल्या जुन्या गावाचेच नाव दिले, क्लेम्झिग. आल्टोना बंदरातून निघालेले ‘झेब्रा’ हे जहाज 28 डिसेंबर 1838 रोजी पोहोचले. त्याचे कप्तान डर्क हान यांनी प्रवाशांना उतरवून पाठ फिरवली नाही; त्यांच्यासाठी जमिनीची बोलणी केली, आणि 1839 मध्ये वसलेल्या गावाला त्यांचेच नाव मिळाले. ती जमीन पेरामंग्क या मूळ रहिवाशांची होती, हे मात्र बोलणी करणाऱ्यांपैकी कोणाच्या हिशेबात नव्हते.

वसाहतीत जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी 1842 मध्ये सुरू झाली. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या वह्या. त्या कुरेंट या जुन्या जर्मन वळणात लिहिलेल्या आहेत. या अक्षरात ‘ई’ आणि ‘एन’ इतके सारखे दिसतात की सरावलेली नजरही अडखळते, आणि ‘यू’ ओळखायचा तो त्याच्या डोक्यावरच्या लहानशा कंसावरून. मृत्यूच्या नोंदीत वय अनेकदा वर्षे, महिने आणि दिवस असे फोडून दिलेले असते. मृत्यूच्या तारखेतून ते वजा केले की जन्मतारीख निघते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांच्या नावांइतकेच लक्ष धर्ममातापित्यांच्या, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभ्या राहिलेल्यांच्या, नावांकडे द्यावे. ती बहुधा मावशी, काका किंवा जुन्या गावचे शेजारी असत, आणि ज्या पूर्वजाचे मूळ गाव कुठेच लिहिलेले नाही, त्याचे गाव या साक्षीदारांच्या गावावरून सापडू शकते.

कुटुंब वहीतून अचानक नाहीसे झाले, तर ते गाव सोडून गेले असा निष्कर्ष लगेच काढू नये. पाळक काव्हेल आणि 1841 मध्ये आलेले पाळक फ्रित्से यांच्यात 1846 साली धर्ममतांवरून फूट पडली. तेव्हापासून एकाच परिसरातील शेजाऱ्यांच्या, क्वचित सख्ख्या भावांच्याही नोंदी वेगवेगळ्या मंडळींच्या दप्तरांत गेल्या असू शकतात.

नकाशाही फसवतो. पहिल्या महायुद्धातील जर्मनद्वेषापायी दक्षिण ऑस्ट्रेलियात 69 ठिकाणांची नावे बदलली गेली. हान्डॉर्फचे अँबलसाइड झाले, लोबेथालचे ट्वीडव्हेल आणि क्लेम्झिगचे गाझा. ही तिन्ही जुनी नावे 1935 मध्ये परत आली, पण मधल्या काळातील दाखल्यांवर नवीच नावे आहेत.

युरोपातले क्लेम्झिग दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये गेले. त्याचे आजचे नाव क्लेंप्स्क. तिथले जर्मन रहिवासी हुसकावले गेले, त्यामुळे गावात विचारायला जुने कोणी उरले नाही. त्या भागातील जुनी दप्तरे आता पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांत, पोलिश नावाने शोधावी लागतात. त्यातही 1830 नंतरच्या नोंदींत एखादे मूल सापडले नाही, तर नवल नाही. राजाच्या चर्चला नकार देणारे आईवडील आपल्या मुलांचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये कशाला करतील? अशा कुटुंबासाठी एक पिढी मागे जाऊन आजीआजोबांच्या लग्नाची नोंद आधी पाहावी.