शाई सुचली, पण सहज सुचली का?

ठाणे-बेलापूर रस्ता. रबाळे, महापे, पावणे. समजा, या पट्ट्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत प्रिंटरची नवी शाई तयार झाली.

इंकजेटच्या नोझलचं भोक केसाहून बारीक. प्रिंटर चार दिवस बंद राहिला की तिथेच शाई सुकते आणि छापलेल्या पानावर पांढऱ्या रेघा उमटतात. म्हणून शाईत ग्लिसरीनसारखं ओलावा धरणारं काहीतरी घालतात. ते जास्त झालं, तर कागदावरची शाई वाळत नाही. बोट लागलं की फराटा.

आपल्या केमिस्ट बाईंनी दोन जुनेच घटक ठरावीक प्रमाणात एकत्र आणले. नोझल तुंबेना, फराटाही उठेना. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात, अँटॉप हिलला गेला. निकाल: नामंजूर. एक घटक एका जुन्या पेटंटात आहे, दुसरा दुसऱ्यात. दोन्ही एकत्र करणं जाणकाराला सहज सुचलं असतं.

आता अपील. मुदत तीन महिने. २०२१ पर्यंत अशी अपिलं बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. ते बरखास्त झालं, आता थेट उच्च न्यायालय.

कायद्यातला हा 'जाणकार' मोठा अजब गृहस्थ. जुनं सगळं त्याला ठाऊक, कल्पनाशक्ती मात्र बेताची. न्यायाधीशांना त्याच्या जागी उभं राहायचं असतं, तेही अर्जाच्या तारखेला. उत्तर समोर असताना ते विसरून विचार करायचा, हे भल्याभल्यांना जमत नाही.

पितळी भांड्यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बजावलं होतं, की कारखान्यातली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे. ते पेटंट रद्द झालं. शाईला तर आणखी एक अडसर: पेटंट कायद्याचं कलम ३(ई). नुसत्या मिश्रणाला पेटंट नाही.

त्यामुळे वकिलाच्या भाषणापेक्षा चाचण्यांचा तक्ता मोलाचा. पहिला घटक एकटा, दुसरा एकटा, मग दोन्ही मिळून. परिणाम बेरजेपेक्षा जास्त दिसला, तर बोलायला जागा. आणि 'हे दोन एकत्र नकोत' असं जुन्याच पेटंटात लिहिलेलं सापडलं, तर सोन्याहून पिवळं.

अनेकदा मात्र शाईपर्यंत गाडी पोचतच नाही. 'सहज सुचलं असतं' का, याची कारणंच नामंजुरीच्या आदेशात नसतात. मग न्यायालय प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवतं. पेटंटची २० वर्षं मात्र अर्जाच्या तारखेपासूनच मोजली जातात.