गुरुदत्तचं राहिलेलं शूटिंग

(दृश्य: लॉ कॉलेज रोड, सकाळची गर्दी. फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक.)

गुरुदत्तवरच्या माहितीपटात पहिल्या मिनिटाला काय दिसणार, हे आता प्रेक्षकांनाही पाठ झालंय. सिगारेटचा धूर. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका पडलेला उजेड, मागे सारंगी. मग निवेदक खर्ज लावून सांगतो, की या माणसानं आपलं मरण आधीच पडद्यावर रंगवून ठेवलं होतं.

आपल्या फिल्ममध्ये सारंगी नाही. १९६४ साली, म्हणजे तो गेला त्या वर्षी, गुरुदत्त काय काय करत होता, त्याची नुसती यादी वाचली तरी सारंगीचा सूर तिथे लागत नाही.

त्या वर्षी 'सांझ और सवेरा' आणि 'सुहागन' हे त्याचे दोन चित्रपट पडद्यावर आले. दोन्ही दुसऱ्यांचे, तिथे तो फक्त नट. के. आसिफ 'लव्ह अँड गॉड' काढत होते, तोही रंगीत, आणि त्यात गुरुदत्त मजनू होता. साधनाबरोबरचा 'पिकनिक' नावाचा एक चित्रपट अर्ध्यात होता. आणि स्वतःच्या कंपनीचा 'बहारें फिर भी आएंगी' सेटवर होता. दिग्दर्शक शाहिद लतीफ, नायिका माला सिन्हा आणि तनुजा, नायक तो स्वतः. वय एकोणचाळीस. 'शेवटचे महिने' हे आपण आज म्हणतो. त्याच्या लेखी ते चालू महिने होते.

(दृश्य: प्रभातचं बोधचिन्ह, तुतारी फुंकणारी स्त्री. मग इन्स्टिट्यूटच्या आवारातला जुना स्टुडिओ, बाहेरून.)

आधी पुणं. कारण हा माणूस सिनेमात शिरला तो इथल्या दारातून.

साल १९४४. अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नाच शिकून झाला होता. कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून, कंटाळून सोडूनही झाली होती. एकोणीस वर्षांच्या गुरुदत्त पदुकोणला नात्यातल्या मामांनी पुण्यात आणलं आणि प्रभात फिल्म कंपनीत तीन वर्षांच्या करारावर चिकटवून दिलं.

प्रभातचे ते भरभराटीचे दिवस नव्हते. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली, १९३३ मध्ये पुण्यात आलेली ही कंपनी. 'संत तुकाराम' इथला. पण व्ही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले होते आणि मुंबईत त्यांचं राजकमल उभं राहिलं होतं. उतरणीला लागलेल्या कंपनीत नव्या पोराचा एक फायदा असतो. कुणाचं काम कुठे संपतं, याला फारसा धरबंध राहत नाही. नाच बसवायला आलेला गुरुदत्त बघता बघता विश्राम बेडेकरांचा साहाय्यक झाला. मराठी वाचक बेडेकरांना कादंबरीकार म्हणून ओळखतो. त्यांनी १९४५ साली 'लाखारानी' दिग्दर्शित केला, त्यात गुरुदत्तनं छोटी भूमिकाही केली. पुढच्या वर्षी 'हम एक हैं'. तिथे तो साहाय्यक होता आणि नृत्यंही त्याचीच. नायक एक पंजाबी तरुण, पहिलाच चित्रपट, नाव देव आनंद.

इथे शर्टाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुण्यात कुणी पुढे जाऊ देत नाही. परिटाकडे दोघांच्या शर्टांची अदलाबदल झाली, एकानं दुसऱ्याच्या अंगावर आपला शर्ट ओळखला, आणि दोस्ती झाली. सांगणाऱ्यागणिक शर्टाचा रंग बदलतो. वायदा मात्र सगळे सारखाच सांगतात. देव निर्माता झाला तर दिग्दर्शन गुरुदत्तचं, आणि गुरुदत्त दिग्दर्शक झाला तर नायक देव. १९५१ मध्ये नवकेतनचा 'बाजी' आला. निर्मिती देवची, दिग्दर्शन गुरुदत्तचं, नायक देव. वायदा दोन्ही बाजूंनी फिटला.

आम्हाला शर्टापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रभातमध्ये सगळा सिनेमा एका कुंपणाच्या आत होत होता. लेखक, छायालेखक, सुतार, रंगारी, नट, सगळे पगारावर, सगळे रोज भेटणारे. पुढे गुरुदत्तनं स्वतःची कंपनी काढली ती जवळपास याच वळणावर. कॅमेऱ्यामागे व्ही. के. मूर्ती, लिहायला अब्रार अल्वी, पडद्यावर जॉनी वॉकर आणि प्रभातमध्येच भेटलेला रहमान. माणसं तीच, चित्रपट बदलणार. असा कारखाना चालवायचा तर महिन्याच्या महिन्याला पैसा लागतो. १९६३-६४ मध्ये तो दुसऱ्यांच्या चित्रपटांत का उभा राहत होता, याचं उत्तर आम्हाला तरी दुःखापेक्षा या हिशेबात जास्त सापडतं.

(दृश्य: 'कागज के फूल'मधली स्थिरचित्रं.)

'कागज के फूल' आला १९५९ साली. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट. मूर्तींचा तो प्रकाशाचा झोत आज जगभरच्या चित्रपटशाळांत दाखवतात. तेव्हा मात्र चित्रपट आपटला. त्यानंतर गुरुदत्तनं दिग्दर्शक म्हणून एकाही चित्रपटाला आपलं नाव दिलं नाही. १९६० चा 'चौदहवीं का चाँद' एम. सादिक यांच्या नावावर, आणि तो धो धो चालला. १९६२ चा 'साहिब बीबी और गुलाम' अब्रार अल्वींच्या नावावर. या दुसऱ्या चित्रपटाचा खरा दिग्दर्शक कोण, यावर पुण्यातल्या कुठल्याही फिल्म सोसायटीत अजून तासभर वाद होऊ शकतो. आपण त्यात पडत नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघायला हवी. चित्रपट अर्धवट सोडणं ही गुरुदत्तची जुनी खोड होती. १९५७ साली त्यानं पत्नी गीता दत्तला नायिका करून 'गौरी' सुरू केला. खरं तर देशातला पहिला सिनेमास्कोप तोच व्हायचा. काही दिवसांच्या चित्रीकरणानंतर बंद. मग 'राज'. सुनील दत्त आणि वहीदा रहमान यांना घेऊन काही रिळं झाली, आवडली नाहीत, बंद. त्याचा जुना साहाय्यक राज खोसला यानं पुढे त्याच कथेवरून 'वह कौन थी?' केला आणि पैसे कमावले. मनासारखं उतरत नसेल तर झालेला खर्च पाण्यात सोडून हा माणूस सेट मोडायला सांगायचा. पाली हिलचा स्वतःचा बंगलासुद्धा त्यानं असाच पाडून टाकला होता.

'बहारें' त्यानं मोडला नव्हता. तो चालू होता.

(दृश्य: पेडर रोड, मुंबई. दुपार. साधी रस्त्यावरची वर्दळ.)

कथा जुन्या ओळखीची होती. १९३७ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'प्रेसिडेंट' केला होता, सैगल नायक. एका गिरणीची मालकीण, तिची धाकटी बहीण, आणि दोघींचा जीव एकाच माणसावर. गुरुदत्तच्या कंपनीनं गिरणीचं वर्तमानपत्र केलं. मालकीण माला सिन्हा, धाकटी तनुजा, मधला पत्रकार गुरुदत्त.

९ ऑक्टोबर १९६४ च्या रात्री अब्रार अल्वी पेडर रोडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याच्यासोबत होते. गीता आणि मुलं वेगळी राहत होती. अल्वींनी पुढे सांगितलं, की त्या रात्री ते याच चित्रपटाच्या शेवटावर काम करत होते, नायिकेच्या मृत्यूच्या प्रसंगावर. हे ऐकलं की निवेदकाच्या तोंडाला पाणी सुटतं. बघा, म्हणतो, मरणाआधी मरणाचाच प्रसंग! अहो, पण कथेत नायिका शेवटी मरते. शेवट लिहायचा राहिला होता. मग दुसरं काय लिहिणार?

१० ऑक्टोबरला सकाळी तो मृतावस्थेत सापडला. दारू आणि झोपेच्या गोळ्या. त्याआधी त्यानं जीव देण्याचे प्रयत्न केले होते, हे जवळच्यांनी सांगितलेलं आहे. मुलगा अरुण दत्त यांचं म्हणणं होतं, की या वेळचा तो अपघात होता. वडिलांना झोप लागत नसे. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या भेटी ठरलेल्या होत्या, एक माला सिन्हांशी, दुसरी राज कपूर यांच्याशी, रंगीत चित्रपट काढण्याबद्दल बोलायला. त्या रात्री नेमकं काय झालं, याचा निकाल लावायला आम्ही बसलेलो नाही. भेटी ठरलेल्या होत्या, एवढं नोंदवतो.

(दृश्य: संकलनाचं टेबल. हातमोजे घातलेले हात, फिल्मची पट्टी उजेडासमोर धरलेली.)

नायक गेला की चालू चित्रपटाचं काय होतं? शोकसभा होते, आणि लगेच कुणीतरी संकलकाला विचारतं, किती वाचतंय?

संकलक रशेस, म्हणजे चित्रित झालेली कच्ची रिळं, काढून बसतो. ज्यात नायकच नाही ते प्रसंग सुखरूप. नायिकेचे क्लोज बहुतेक वेळा वाचतात. पण सजेशन घेतलं असेल, म्हणजे नायकाच्या खांद्यावरून नायिका दिसत असेल, तर तो खांदा कुणाचा हा प्रश्न येतो. नवा नट चार बोटं उंच निघाला की तेवढा शॉट गेला. मास्टर शॉट, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट, तर जातोच. मग जे ठेवायचं त्याच्याशी नवं जुळवायचं. तीच साडी, केसांची तीच बट, खिडकीतून तसाच कललेला उजेड. मधल्या महिन्यांत नायिका बारीक झालेली असते, सेट मोडलेला असतो. कापाकापी करून बघतात, आणि बरेचदा दिग्दर्शक शेवटी म्हणतो, पॅचवर्क दिसतंय, नव्यानं घेऊ.

'बहारें'त पत्रकाराच्या जागी धर्मेंद्र आला. 'फूल और पत्थर'नं त्याला मोठा स्टार केलं १९६६ मध्ये, आणि 'बहारें' लागला तोही १९६६ मध्येच. आज बघताना एक करून बघा. पत्रकार टेबलामागून उठून मालकिणीशी हुज्जत घालतो त्या जागी गुरुदत्तचं खांदे पाडून उभं राहणं ठेवा. धर्मेंद्र चांगलं करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण उभा राहतो तो पैलवानासारखा, आणि मोठी बहीण अशा माणसावर का भाळली ते चटकन पटतं. गुरुदत्त असता तर ते पटायला प्रेक्षकाला थोडं थांबावं लागलं असतं. आमच्या मते चित्रपटाची गंमत त्या थांबण्यात होती.

(दृश्य: वाळवंटाची स्थिरचित्रं.)

आसिफ यांच्या 'लव्ह अँड गॉड'ची कथा याहून लांबली. गुरुदत्त गेल्यावर काम थांबलं. काही वर्षांनी मजनूच्या भूमिकेत संजीव कुमार आला आणि पुन्हा सुरुवात झाली. मार्च १९७१ मध्ये खुद्द आसिफ गेले. पुन्हा थांबलं. पुढे आसिफ यांच्या पत्नी अख्तर आणि निर्माते के. सी. बोकाडिया यांनी होतं तेवढं जोडून घेतलं. चित्रपट लागला मे १९८६ मध्ये. संजीव कुमार आदल्या नोव्हेंबरातच गेला होता. लैला मात्र शेवटपर्यंत निम्मीच. पहिल्या मजनूपासून प्रदर्शनापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ एकाच चित्रपटाची नायिका राहणं, यावर खरं तर वेगळी फिल्म व्हायला हवी.

(दृश्य: राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे. जयकर बंगला.)

प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आलं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, याच लॉ कॉलेज रोडला, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याची स्थापना फेब्रुवारी १९६४ ची. गुरुदत्त जाण्याच्या आठ महिने आधीची. पी. के. नायर यांनी पुढची कित्येक वर्षं निर्मात्यांचे आणि लॅबचे उंबरे झिजवून इथे प्रती गोळा केल्या. त्याआधी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते. जुने चित्रपट चांदीसाठी भंगारात गेले. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची एकही प्रत आज माहीत नाही.

२०२५ हे गुरुदत्तचं जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी त्याचे गाजलेले चित्रपट दुरुस्त केलेल्या प्रतींतून पुन्हा थिएटरात लागले. 'प्यासा' मोठ्या पडद्यावर बघायला आलेल्यांत विशीतली मुलंही होती. हे शक्य झालं, कारण पुऱ्या झालेल्या चित्रपटाला मालक असतो, हक्क असतात, सांभाळण्यात कुणाचा तरी फायदा असतो. पण 'बहारें'तल्या गुरुदत्तच्या प्रसंगांसारख्या वगळलेल्या रिळांना कोण विचारतो? निगेटिव्ह लॅबमध्ये, लॅबचं बिल थकलेलं, निर्माता वारलेला, वारसांना डब्यात काय आहे ते माहीत नाही. अशी रिळं कचऱ्यात जायला कुणाचा दुष्टावा लागत नाही.

(दृश्य: गंजलेला फिल्मचा डबा. झाकण नाण्याच्या कडेनं उचकटलं जातंय.)

असा डबा उघडला की आधी वास येतो. शिर्क्याचा, नाकात झोंबणारा. उष्णतेनं आणि दमट हवेनं ॲसिटेट फिल्म कुजायला लागल्याची ती खूण. फिल्म आकसते, कडा लाटेसारख्या वर-खाली होतात, आणि त्या वाफेनं शेजारच्या डब्यातली चांगली फिल्मही बिघडते. पट्टी उजेडासमोर धरली तर भोकांच्या ओळीजवळ बारीक अक्षरं दिसतात. 'सेफ्टी' असं छापलेलं असेल तर निदान ती भडकन पेटणारी नायट्रेट नाही. पस्तीस मिलिमीटरच्या हजार फुटांच्या रिळात अकरा मिनिटं मावतात. चेहरा ओळखायला एक फ्रेम पुरते.

तेव्हा ज्यांच्या घरात कुणी लॅबमध्ये, स्टुडिओत, वितरणात काम केलेलं आहे, त्यांनी एकदा माळा बघावा. पुण्यात अशी घरं पुष्कळ आहेत. डबे सापडले तर लहान मुलांच्या हाती देऊ नका, उन्हात ठेवू नका, प्रोजेक्टरवर चढवून बघायचा मोह आवरा. वास येत असेल तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा, वारा खेळेल अशा जागी ठेवा. लेबलवर चित्रपटाचं नाव नसलं तरी लेबल फाडू नका, त्यावरचा क्रमांकही उपयोगी पडतो. आणि संग्रहालयाला कळवा. लॉ कॉलेज रोडवर कुणालाही विचारा, सांगतील.