क्रिएटिनीन नॉर्मल, मग किडनी ठीक?

मंडळी, आधी एक आकडा सांगतो. १.२. हे रक्तातलं क्रिएटिनीन. पंचवीस वर्षांचा तरुण आणि ऐंशी वर्षांच्या आजी, दोघांच्याही रिपोर्टवर हाच आकडा आलाय असं समजा. सध्या वापरात असलेल्या सूत्रात तो घातला, तर तरुणाच्या किडन्यांचा गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण ८६ मिलिलिटर निघतो आणि आजींचा ४६. आकडा तोच, काम जवळजवळ निम्मं!

याचं कारण असं, की क्रिएटिनीन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, आणि तो तयार होतो स्नायूंमध्ये. म्हातारपणी स्नायू झडतात, त्यामुळे तो तयारच कमी होतो. मग किडनी मंदावली तरी रक्तात फारसं साठलेलं दिसत नाही. ‘क्रिएटिनीन नॉर्मल आहे’ एवढं ऐकून निर्धास्त झालेली कितीतरी वयस्क माणसं माझ्याकडे उशिरा आली आहेत. रिपोर्टवर बऱ्याचदा त्याच्याच खाली ‘ईजीएफआर’, म्हणजे गाळण्याचा हाच अंदाजे वेग, छापलेला असतो, तो वाचत चला. अगदी काटकुळ्या माणसाच्या बाबतीत तोही फसवतो. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही दुसरी तपासणी करतात, तिच्यावर स्नायूंचा परिणाम बराच कमी होतो.

आता याची उलटी बाजू. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणायचं, अशी व्याख्या आहे. ती वय विचारत नाही. पण चाळिशीनंतर हा वेग वर्षाला साधारण एकाने उतरतच असतो. मग ७८ व्या वर्षी ५५ आला, तर तो आजार म्हणायचा की वय? यावर आम्हा डॉक्टरांमध्येच एकमत नाही. माझं म्हणाल, तर लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन जात नसेल आणि आकडा वर्षानुवर्षं जिथल्या तिथे असेल, तर त्या माणसावर आजारी असल्याचा शिक्का मारायची मला घाई नसते. तपासण्या मात्र चालू ठेवायच्या.

अल्ब्युमिन जात असेल तर गोष्ट वेगळी. ती किडनीची तक्रार असतेच, शिवाय हृदयाला धोका असल्याची खूणही असते. तिसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्या, बहुतेक वृद्धांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. त्याआधी हृदय दगा देण्याची शक्यता जास्त. त्यामुळे बीपी, साखर आणि तंबाखू यांच्याकडे आधी बघायचं. डायलिसिसच्या धास्तीने रात्री जागवू नका.

घाबरलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? जेवण तोडतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, की प्रोटीन वाईट. प्रोटीनचा अतिरेक नको हे खरं, पण मुळातच चार घास खाणाऱ्याने तेही निम्मे केले, तर पाय लटपटायला लागतात आणि एक दिवस बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडतं. त्यात एक क्रूर गंमत अशी, की स्नायू आणखी झडल्यामुळे क्रिएटिनीन उतरतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, पथ्याने रिपोर्ट सुधारला!’

खरं पथ्य पाळायचं ते पेनकिलरचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. त्यांच्या जोडीला बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारं औषध असेल, वर जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर दोन दिवसांत किडनी बसू शकते. अशा वेळी कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन ठेवा. आपल्या मनाने काही बंद करू नका, कारण बीपीच्या त्याच गोळ्या एरवी किडनीला जपत असतात.

म्हणून मी पेशंटला औषधांची अख्खी पिशवीच आणायला सांगतो. एका आजोबांनी ती टेबलावर उपडी केली. तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या. एक गुडघ्यासाठी, एक पाठीसाठी, एक मित्राने दिलेली. तिन्हींच्या मागे बारीक अक्षरांत औषध एकच: डायक्लोफेनॅक. ते बंद केलं. दोन महिन्यांनी ईजीएफआर ३८ वरून ४६ वर आला. मी खुशीत रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, “ते राहू द्या डॉक्टर. गुडघ्याला आता काय देता, ते सांगा.”