दुसऱ्याचा कागद आपल्या हातात

(शहादा इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. तारीख होती २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. पुण्या-मुंबईच्या आधी आपल्या माणसांनी बोटांचे ठसे दिले, डोळे यंत्रापुढे धरले. म्हणून खासगीपणाची गोष्ट शहरी लोकांची आहे, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

तरी हा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं. माझ्या आजोळच्या एक आजी म्हणाल्या होत्या, ‘मन्हाजोडे लपाडासारखं काय शे?’ माझ्याजवळ लपवण्यासारखं आहे तरी काय? मी तेव्हा त्यांना बँक खातं, ओटीपी, फसवणूक असं सांगत बसलो. ते खोटं नाही. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. पण आजींच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. त्याच आजी सुनेच्या दुखण्याबद्दल ओट्यावर बसून शेजारणीशी बोलायच्या आणि किराणा दुकानात त्याचा एक शब्द काढायच्या नाहीत. सुनेची गोष्ट कुठे बोलायची आणि कुठे नाही, हे त्यांना नेमकं कळत होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. आपलं काय कुणाला कळावं हे ज्याचं त्याने ठरवायचं, हा त्या हक्काचा एक मोठा भाग आहे. आजी तो ओट्यावर पाळत होत्या.

मी मात्र तो पाळला नाही. मागच्या वर्षी जळगावच्या माझ्या भाचीचा रक्ताचा रिपोर्ट आला. ताईने तो काळजीने मला पाठवला. मी जसाच्या तसा फोटो एका मोफत चॅटबॉटला, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआय यंत्राला, दिला आणि विचारलं, यात काळजीचं काही आहे का? उत्तर चांगलं आलं, ताईचा जीव भांड्यात पडला. दिवाळीत भाचीला हे कळलं. ती एवढंच म्हणाली, ‘मामा, मला विचारलं होतं का?’ त्या फोटोत तिचं नाव होतं, वय होतं, मोबाइल क्रमांक होता, डॉक्टरांचं नाव होतं, कोपऱ्यात बारकोड होता. माझ्या प्रश्नाला यातलं फक्त वय लागत होतं. वरची पट्टी अंगठ्याखाली झाकून फोटो काढला असता आणि वय तेवढं वेगळं लिहिलं असतं, तरी उत्तर तेच आलं असतं.

आपण लिहितो ते जातं कुठे, हे जरा सांगतो. बहुतेक चॅटबॉट आपल्या फोनमध्ये नसतात. आपला मजकूर कंपनीच्या संगणकावर जातो आणि तिथे साठतो. अनेक सेवांमध्ये, आपण सेटिंगमध्ये जाऊन नको म्हटलं नाही तर, तो पुढच्या मॉडेलच्या, म्हणजे चॅटबॉटच्या नव्या आवृत्तीच्या मेंदूच्या, प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. काही संभाषणं तपासणीसाठी माणसंही वाचतात. चॅट पुसली तरी, एकदा प्रशिक्षणात मिसळलेली गोष्ट मॉडेलमधून वेगळी काढणं फार अवघड असतं. कालवलेल्या भाजीतून मीठ कसं वेचणार? सॅमसंगसारख्या कंपनीतल्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा अंतर्गत कोड असाच चॅटबॉटला दिला होता, त्यानंतर कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. २०२५ मध्ये चॅटजीपीटीवरच्या हजारो लोकांच्या ‘शेअर’ केलेल्या गप्पा गूगलच्या शोधात दिसू लागल्या होत्या. एका खुणेच्या चौकटीवर बोट टेकवलं की त्या गप्पा शोधात येऊ शकत होत्या, आणि अनेकांना त्याचा अर्थ कळला नव्हता. ती सोय नंतर काढून टाकावी लागली.

आता कुणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कंपन्यांना अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली, तर त्याला तो कायदा लागू नाही. म्हणजे मामाने भाचीचा रिपोर्ट चॅटबॉटला दिला, तर त्या मामाला हा कायदा अडवत नाही. तिथे मामानेच थांबायचं असतं.

नाव काढलं की झालं, असंही समजू नका. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येऊ शकतात. आपल्या पाड्यावर तर तेवढंही लागत नाही. ‘सुरतहून परत आलेली, दुसऱ्यांदा गरोदर’ एवढं म्हटलं की अख्खा पाडा नाव सांगेल. विखुरलेले असे तुकडे जुळवण्यात ही नवी यंत्रं माणसापेक्षा फार चपळ आहेत.

हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांकडे येणारा रक्ताचा आजार आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार किती घरांत आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १ जुलै २०२३ पासून देशभर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, तपासण्या होत आहेत, आणि त्या झाल्याच पाहिजेत. पण मुलगी वाहक आहे, म्हणजे तिच्याकडून तो मुलांकडे जाऊ शकतो, एवढं बाहेर फुटलं तरी जुळत आलेलं लग्न मोडतं. ती स्वतः धडधाकट असते, तरीही. तिची माहिती तिच्या लग्नाआधी नवऱ्या मुलाला कळावी, हे बरोबरच आहे. ती तिने सांगावी, समुपदेशकासमोर बसून सांगावी. कुणाच्या तरी फोनमधून ती कळू नये.

काही महिन्यांपूर्वी तीन आशाताई माझ्याकडे आल्या. रात्री अकरापर्यंत तक्ते भरून त्यांचे डोळे दुखत होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रजिस्टरचा फोटो दिला की एआय बेरजा करून देतं. ते खरं होतं, आणि त्यांना नको म्हणायला माझी जीभ रेटेना. ज्यांच्यावर एवढं काम आहे त्यांनी हे साधन वापरूच नये, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? आम्ही रजिस्टर उघडून बसलो. डावीकडे अनुक्रमांक, मग नाव, मग पाडा, मग फोन, मग तपासणीचा निकाल. गोपनीय कागदाबद्दल आधी वरिष्ठांना विचारायचं, हे त्यांनी केलं. सेटिंगमध्ये प्रशिक्षणाचा पर्याय बंद केला. नाव, पाडा आणि फोन हे तिन्ही रकाने कोऱ्या पुठ्ठ्याने झाकून मगच फोटो काढायचा, असं ठरलं. फोटोत फक्त अनुक्रमांक आणि निकाल राहतो. नावं त्यांच्याजवळच्या वहीत राहतात, बेरीज तीच येते.