सोलापुरात ट्राउट? आधी मासा सोडायला शिका!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तेच. "दादा, ट्राउट कधी दाखवणार?" "उजनीत ट्राउट लागतो का?" आणि एकानं तर सरळच लिहिलंय, "ते फॉरेनवाले मासा धरून परत सोडायलेत, तसलं कायतरी करा की बे." सध्या रील्सवर तेच चाललंय ना. डोंगर, धुकं, कमरेएवढ्या पाण्यात उभा माणूस, हातात ठिपक्याठिपक्यांचा मासा. कॅमेऱ्याकडे बघून हसला, दिला सोडून. संपलं.

ट्राउटचं आधी उरकतो, ते सोपं आहे. सोलापुरात ट्राउट नाही आणि होणारही नाही. त्याला पाणी लागतं थंडगार, वाहतं, तळाला गोटे असलेलं. विसाच्या वर पारा गेला की त्याचा जीव कासावीस होतो. आपल्याकडे मे महिन्यात नळाला पाणी आलंच, तर ते दुपारी अंगावर घेववत नाही. भारतात ट्राउट इंग्रजांनी आणला, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. काश्मीरची लिद्दर, हिमाचलची तीर्थन, खाली निलगिरी आणि मुन्नार. तिथला परवाना काढा, नियमात राहून पकडा. ट्राउटचा विषय संपला.

मला बोलायचंय ते त्या लोकांच्या ग्रुपबद्दल. ट्राउटवाल्यांचे जे गावोगावचे ग्रुप असतात, ते गळ कमी टाकतात आणि बाकीचे उद्योगच जास्त करतात. अमेरिकेत ट्राउट अनलिमिटेड म्हणून संघटना आहे. १९५९ साली मिशिगनमध्ये ऑ साबल नदीच्या काठावर काही गळवाल्यांनी ती काढली. त्यांचं भांडण काय होतं? सरकार हॅचरीतले, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेले मासे ट्रकनं आणून नदीत ओतायचं, लोक पकडायचे, परत ओतायचं. हे म्हणाले, हे थांबवा, नदी नीट करा, मासा त्याचा तो वाढेल. तेव्हापासून त्यांच्या शाखा काठावर झाडं लावतात, कारण सावली पडली की पाणी थंड राहतं. पाइपातून जाणारे ओढे मोकळे करतात. दगड उलटे करून खालचे किडे मोजतात. शाळेत काचेच्या टाकीत ट्राउटची अंडी ठेवतात, पोरं पिल्लं वाढवतात आणि वर्षाच्या शेवटी ओढ्यात सोडून येतात. हिवाळ्यात संध्याकाळी एकत्र बसून गळाला लावायला पिसांचे आणि दोऱ्याचे खोटे किडे बांधतात. चहा पीत, गप्पा मारत.

ते वाचून आम्हाला वाटलं, यातलं बरंच आपल्याला जमण्यासारखं आहे. आमचा ग्रुप म्हणजे काय हो, व्हॉट्सॲपवरची टोळी. दोन शिक्षक, यंत्रमागावरचे काही जण, एक रिटायर्ड बँकवाले काका, एक गॅरेजवाला. नोंदणी नाही, बॅनर नाही. हिप्परग्याचा तलाव, सीनेचे डोह आणि उजनीचं बॅकवॉटर, एवढाच आमचा मुलूख.

काठ साफ करायचं काम आम्ही उन्हाळ्यात करतो. "मरायचंय का एवढ्या उन्हात?" असं घरचे विचारतात. पण कारण आहे. उजनीची पूर्ण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला तळाचा साधारण ६३ टीएमसी साठा मृत, आणि पाणी त्याच्याही खाली उतरलं की धरण 'उणे'. सोलापूरकराला हे शिकवायला नको, पेपरात 'उजनी उणे' छापून आलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण धरण उण्यात गेलं की पाणी आत सरकतं आणि वर्षभर बुडालेलं सगळं उघडं पडतं. फाटकी जाळी, थर्माकोल, बाटल्या आणि तंगूस. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोर, तो कुजत नाही. बाभळीच्या खोडाला गुंडाळलेला तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी पाणी चढलं की पुन्हा मासे, कासवं, पक्षी त्यात अडकतात. एकदा एक पाणकावळा असाच सापडला, पंख आणि पाय एकात एक गुंतलेले. गॅरेजवाल्यानं त्याच्या डोक्यावर शर्ट टाकला, मी कात्रीनं दोर कापत गेलो. जाताना त्यानं चोच मारलीच. हा बघा अंगठा. आभार वगैरे पक्ष्यांमध्ये नसतात.

तेव्हा काठावर तुटलेला दोर दिसला तर खिशात घाला. एवढं करा, बाकी ग्रुपमध्ये आला नाहीत तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा. मासा सोडणं.

(गळ हातात घेऊन)

पहिलं पटकन सांगतो. गळाच्या टोकाशी हा उलटा काटा असतो ना, तो पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा निसटेल? दोर ताणून धरलात तर नाही निसटत. आणि सोडवताना जबडा फाटत नाही. झालं.

आणि आता नीट ऐका. माशाला हात लावायच्या आधी हात ओला करा. कोरडा हात नको, वाळू लागलेला नको. आणि टॉवेल? टॉवेल तर अजिबात नको! आपल्या गावाला टॉवेलचा भारी अभिमान आहे, मलाही आहे. माझं अर्धं खानदान मागावर बसलेलं. पण सोलापुरी टॉवेल पाणी शोषतो म्हणून तर प्रसिद्ध आहे ना? मग माशाला त्यात गुंडाळल्यावर काय होणार? माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो पुसून निघणार. लोकांना वाटतं ती घाण आहे. ते त्याचं चिलखत आहे राव. तो थर गेला की बुरशी धरते, जंतू शिरतात. मासा तुमच्या हातातून जोरात पोहत जातो, तुम्ही टाळ्या वाजवता, आणि आठवड्यानं तो कुठंतरी पांढरे डाग घेऊन तरंगतो. ते तुमच्या रीलमध्ये येत नाही.

एका ताईंनी विचारलंय, "ओल्या हातातून निसटून पडला तर?" पडू द्या की, पाण्यातच पडेल. म्हणून तर म्हणतो, मासा पाण्याच्या वर काढूच नका. गुडघाभर पाण्यात बसा, मासा पाण्यात, हात पाण्यात, गळ पाण्यातच सोडवा. फोटो हवा? दोस्ताला आधी फोन काढून तयार ठेवायला सांगा, मग मासा उचला, एक फोटो, खाली. लोक काय करतात? मासा एका हातात धडपडतोय आणि दुसऱ्या हातानं फोनचा पासवर्ड टाकायलेत! तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा. तुम्हाला सोडावासा वाटला, तर माशाला कधीच सोडायला हवा होता.

आणि हे आपल्याकडे जास्त लागू आहे, त्या धुक्यातल्या रीलपेक्षा. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाला साडेसातच. मासा मात्र गरम पाण्यात जास्त दमतो. म्हणजे गरज वाढली आणि पुरवठा घटला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीचं पाणी लागोपाठ तीन दिवस तेवीस अंशांच्या आसपास गेलं, की दुपारी दोन ते मध्यरात्र गळ टाकायला मनाई होते. तेवीस! आपल्याकडे तेवीस अंश म्हणजे कपाटातून स्वेटर बाहेर काढायची वेळ. हां, आपला रोहू-कटला ट्राउटएवढा नाजूक नाही, तो गरम पाण्याचाच गडी आहे. पण एप्रिल-मेत भर दुपारी त्याला दहा मिनिटं खेळवून, वर काठावर तापलेल्या खडकावर ठेवून, मोजपट्टी लावून, मग "जा बाळा" म्हणून फेकलात, तर तो जात नाही, बुडतो. आमचा नियम साधा आहे: उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत गळ गुंडाळायचा.

अजून पटत नसेल तर तिसऱ्या बाजूनं सांगतो. उजनीकाठचे एक भोई काका आहेत. आम्ही पहिल्यांदा मासा सोडताना त्यांनी बघितलं आणि हसून हसून बेजार झाले. "धरायचं आन् सोडायचं, मग आलास कशाला रं?" पण त्यांच्यासोबत बोटुकल्या सोडायला गेलो तेव्हा बघितलं. बोटुकल्या म्हणजे बोटाएवढी पिल्लं, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून येतात. काकांनी पिशवी फाडून ओतली नाही. तशीच बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, पंधरा-वीस मिनिटं, आतलं-बाहेरचं पाणी सारखं तापेपर्यंत. मग तोंड उघडलं, तलावाचं थोडं पाणी आत घेतलं, पिशवी तिरकी केली. पिल्लं आपली आपण बाहेर गेली. हात लावायची वेळ आली तेव्हा आधी हात बुडवला. कुठल्या चॅनेलवर बघितलं असेल त्यांनी? कुठल्याच नाही. तेव्हा "हे फॉरेनचं फॅड आहे" असं लिहिणाऱ्यांनी एकदा काकांना भेटावं.

तर, हात ओला. पुढे जाऊ.

कमेंटमध्ये दुसरं भांडण कायम असतं: "खायचा नाही तर पकडता कशाला?" अहो, आम्ही काय माळकरी आहोत का? चिलापी लागला की तो घरीच जातो. तव्यावर, कडक भाकरीबरोबर. चिलापी मूळचा आफ्रिकेचा, १९५२ मध्ये भारतात आणला, आणि आता उजनीकाठच्या भिगवणच्या हॉटेलांची निम्मी थाळी त्याच्यावर चालते. तो सोडून पुण्य मिळवायचं काही कारण नाही. आफ्रिकन मांगुर लागला तर तोही परत पाण्यात टाकायचा नाही, त्याच्या पालनावर बंदी आहे, तो बाकीच्यांची पिल्लं फस्त करतो. आम्ही परत सोडतो ती रोहू, कटला, मरळ यांची लहान पिल्लं आणि पोट फुगलेल्या माद्या.

आणि हो, ते फिशटँकवाले! टाकी साफ करणारा तो काळा खरखरीत मासा, सकर, तो वीतभर झाला की घरात नको होतो. मग पोरं रडतात म्हणून बाबा त्याला तलावात सोडून येतात, वर स्टेटस ठेवतात. तो दक्षिण अमेरिकेचा मासा आहे. अंगावर हाडासारखं कवच, खाणारं कोणी नाही, जाळ्यात आला की जाळं फाडतो. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, शिव्यांसकट उत्तर मिळेल. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या कोणाला द्या, तलावात नको. सिद्धेश्वर तलावात तर नकोच नको.

आता पाऊस तोंडावर आला म्हणून चढणीच्या माशांबद्दल. पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध वर येतात, अंडी घालायला. ओढ्यात हातानं धरता येतात, आणि गाभोळीची, म्हणजे त्या अंड्यांची चव मला माहीत आहे, मला सांगू नका. पण एका रोहू मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. चार दिवस ओढ्याकडे जाऊ नका, एवढंच आम्ही गावात पोरांना सांगतो. काही ऐकतात. आणि वडाप, म्हणजे मच्छरदाणीएवढं बारीक जाळं, ओढणाऱ्यांबद्दल मी कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही, कारण मग हा व्हिडिओ घरच्यांसोबत बघता येणार नाही.

पोरांना घेऊन आम्ही किडे बघायला जातो, ते फार मजेचं असतं. पांढरी ताटली, जुना ब्रश, चहाची गाळणी. ओढ्यातला दगड उचलायचा, ताटलीत धुवायचा. शेपटीला तीन केस असलेली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं दिसली, तर पाणी बरं आहे. चतुराची अळी दिसली तर पोरं ओरडतात, कारण ती खरंच भुतासारखी दिसते. आणि नुसत्या लालभडक अळ्याच दिसल्या, तर वर कुठंतरी गटार मिळतंय. त्या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथं बाकीचे गुदमरतात तिथं त्या तग धरतात. एका पोरानं विचारलं, "मग नाल्यात त्याच असतील ना?" गेलो, बघितलं. त्याच होत्या. बघून दगड होता तसाच, होता तिथंच ठेवायचा, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

यायचं असेल त्यांच्यासाठी. बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात, त्यामुळे आम्ही आधी विचारतो, मगच गळ काढतो. तुम्हीही विचारा, दादागिरी करू नका, पाण्यावर पोट त्यांचं आहे. पक्कड आणा, टोपी आणा, पिण्याचं पाणी स्वतःचं आणा. पायात चप्पल नको, बूट. शिंगट्या माशाला हात लावण्याआधी मला हाक मारा, त्याच्या काट्यानं बोट ठणकलं तर संध्याकाळपर्यंत जेवण सुचत नाही.

आणि बोटीबद्दल कोणी हुज्जत घालायची नाही. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. पोहता येत असेल, उजनी लहानपणापासून बघितलेली असेल, काय असेल ते असो. लाइफ जॅकेट नसेल तर काठावर बसायचं. काठावरूनही चिलापी लागतो, उलट जास्तच लागतो.